घुमटाखालचे टेकू

हे घडलंय. शपथेवर सांगतो, पटलं तर घ्या.

माझा मावसभाऊ हर्षद, बांधकामाचा ठेकेदार. जागा किहीम. यंदाच्या मे महिन्यातली अमावास्या, भर दुपारी साडेबारा.

एका मालकाला लग्नाचा हॉल हवा होता, थेट रोमच्या पँथिऑनसारखा. पुढे जाडजूड खांब, आत गोल दालन, वर भला मोठा घुमट आणि घुमटाच्या माथ्यावर उघडं भोक. उजेड काय तो तिथूनच.

नामा मिस्त्रीने बजावलं होतं, "शेठ, सिमिट घट होईस्तोवर, एकवीस दिस, घुमटाखालच्या टेकूला हात लावायचा न्हाय."

पण हॉलमधल्या पहिल्या लग्नाची तारीख तोंडावर. हर्षदने नवव्या दिवशीच टेकू काढायला लावले.

नामाच्या घराण्यात एक रीत होती. तो म्हणाला, "काढा म्हणणाऱ्यानं सोता खाली उभं राहायचं. चला शेठ."

"तू हो पुढे, मी आलोच," म्हणाला हर्षद... आणि बाहेरच थांबला.

घुमट कोसळला. नामा आतच गाडला गेला.

पोलिसांना आमच्या शहाण्याने काय सांगावं? "मिस्त्रीने न विचारता काढले." मेलेल्यावर ढकललं आणि झाला मोकळा!

घुमट पुन्हा बांधला. या वेळी पुरे एकवीस दिवस थांबून टेकू काढले. त्या अमावास्येच्या दुपारी मजूर जेवायला गेले आणि हर्षद एकटाच आत शिरला.

जमिनीच्या मधोमध उन्हाचा गोल पडला होता. तो तिथे जाऊन उभा राहिला.

ठक...

टेकूची पाचर ठोकून काढतात ना, तोच आवाज.

आत एकही टेकू नव्हता.

ठक... ठक...

उन्हाच्या गोलात सावली आली. वरच्या भोकातून कुणीतरी डोकावत होतं. डोक्याला मुंडासं.

"शेठ... कोणी काढायला लावले?"

हर्षदने वर पाहिलं. तरी तोंडातून खोटंच निघालं.

"तू... तूच काढलेस!"

"मंग उभं राहा तितंच. आता मीच काढतो."

हर्षद जीव मुठीत धरून पळाला. घुमटाला साधा तडाही गेला नाही.

तेव्हापासून त्याला छप्पर सोसत नाही. घरात पाऊल टाकलं की... ठक. झोपतो अंगणात.

"खरं सांगून टाक की पोलिसांना!" मी म्हटलं.

"तुरुंगालाही छप्पर असतं रे," म्हणाला.

काल त्याला बळेच आमच्याकडे जेवायला बसवलं. दोन घास खाल्ले असतील...

ठक...

या वेळी मीही ऐकलं.

हर्षद ताट टाकून पळाला. आवाज थांबला नाही.

खरं काय ते मलाही पहिल्यापासून ठाऊक होतं. मीही गप्पच बसलो होतो.

हे मी अंगणात बसून लिहितोय.