आनंदीकाकींची रेघ

विजेवर चालणारी वस्तू बाबली मेस्त्रीने उघडली आणि ती चालू झाली नाही, असं मिठबावात आजवर झालेलं नाही. मिक्सर, टीव्ही, विहिरीचे पंप, देवळातलं नगारा बडवायचं मशीन, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. त्यामुळे जयराम मास्तरांनी पडवीतल्या टेबलावरचा तो राखाडी डबा दाखवला तेव्हा मी म्हटलं, "मास्तरांनू, दोन दिस. तिसरो लागलो तर नाव बदलतलंय."

मास्तर ठार बहिरे. म्हणून हेच मी त्यांच्या पाटीवर लिहूनही दिलं.

त्यानंतर वीस मिनिटांनी मी आमसुलांच्या सुपात बसलेलो होतो.

तो डबा म्हणजे ऑसिलोस्कोप. पुढे बशीएवढा गोल पडदा, त्यावर हिरवी रेघ. वायरीतून आवाज आत सोडला की रेघ त्या आवाजासारखी हलते. ती उमटायला आत अठराशे व्होल्ट लागतात, आणि बटण बंद केलं तरी ते आतल्या कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. आधी स्क्रूड्रायव्हर टेकवून ते उतरवायचे, आणि काम करताना डावा हात खिशात ठेवायचा, हे मी आयटीआयच्या पोरांना शिकवत असतो. मी उतरवले. पण कपॅसिटर दोन होते, आणि डावा हात मानेवरची मुंगी मारायला बाहेर आला होता. झटक्याने मागे फेकला गेलो तो पडवीत वाळत घातलेल्या सुपात. मे महिना, आमसुलं अजून ओली. लालभडक पाठ घेऊन बाजारातून घरी जाताना तिघांनी अपघात कुठे झाला म्हणून विचारलं. चौथ्याने व्हिडिओ काढला.

मास्तर मात्र हसले नाहीत. ते पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत होते, आणि हा डबा तिथे भंगारात निघाला तेव्हा त्यांनी तो उचलून घरी आणला होता.

"बाबली," ते म्हणाले. स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून ते शेजारच्या वाडीला ऐकू जाईल असं बोलतात. "आनंदी गेली त्येका अकरा म्हयने झाले. तिचो आवाज कॅसेटीत आसा. संचिता आयकता आणि रडता. शेजारी येऊन आयकतत. माका सोडून सगळे आयकतत. माका तो निदान बघूचो आसा रे."

आनंदीकाकी ही त्यांची बायको, संचिता मुलगी. पणजीला नोकरी करते, शनिवारी घरी येते.

कॅसेट वीस मिनिटांची, मास्तरांचे कान जायच्या आधीची. टेपरेकॉर्डर नवीन आणला त्या दिवशी मास्तरांनी काकींना न सांगता बटण दाबलं होतं. काकी बाजाराची यादी सांगतायत. धने, सुक्या मिरच्या, बांगडे गावले तर बांगडे, नाय तर उगीच सुंगटां हाडू नकात. आणि मधे मधे, "अहो, आयकलात मां?"

दुसऱ्या दिवशी डबा लावला. रेघ आली, सुतासारखी बारीक. टेपची वायर जोडली तशी ती नाचायला लागली. मास्तरांनी काचेवर बोट ठेवलं.

"ह्या बघ, 'अहो'. ह्या 'आयकलात'. आणि ही मिरची."

कान गेल्यापासून काकी रोज त्यांचा जेवणाचा डबा घेऊन प्रयोगशाळेत यायच्या आणि हे त्यांच्यापुढे माइक धरायचे. तीस वर्षं. काकींच्या बोलण्याची सगळी वळणं त्यांना तोंडपाठ होती. मला नुसते सुरवंट दिसत होते.

नवव्या मिनिटाला रेघ फुगली, धुरकट झाली आणि विझली.

मास्तर काळ्या काचेकडे बघत बसले. "आता तरी माझ्यादेखत गेली," ते म्हणाले.

दोन दिवसांचे पंधरा झाले. कपॅसिटर बदलले, डायोड बदलले. नाव बदललं नाही, पण बाजारात पोरं विचारायला लागली की काय ठेवायचं ठरलं. मीटर एकच सांगत होता. डबा थंड असताना अठराशे, तापला की हजार. म्हणजे दुखणं ट्रान्सफॉर्मरचं. मेणात बुडवलेली ती तारेची गुंडाळी इतकी वर्षं समुद्राची दमट हवा पीत बसलेली. तापली की आतल्या आत वीज गळायची. तिला सुकवायला हवं होतं.

मोबाईल पाण्यात पडला की आपल्याकडे काय करतात? मी ट्रान्सफॉर्मर काढला, वायरींच्या टोकांना काळी पट्टी गुंडाळली आणि घरी नेऊन तो तांदळाच्या पिंपात पुरला.

"अहो, भाताक मेणबत्तीचो वास येता," आमची सुगंधा तिसऱ्या दिवशी म्हणाली.

"नवो तांदूळ आसा," मी म्हटलं, आणि सहा दिवस तो भात मुकाट्याने गिळला.

बुधवारी दुपारी ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून मास्तरांकडे गेलो. मास्तर डब्यासमोर खुर्चीवर बसले होते.

पडदा हिरवा होता.

मला आधी राग आला. माझ्या मागे दुसरा मेस्त्री बोलावला असणार, कुडाळचा कोणीतरी. बाजूचं झाकण उघडंच होतं. वाकून बघितलं. ट्रान्सफॉर्मरची जागा रिकामी. स्क्रूंची चार भोकं. मी पट्टी गुंडाळलेली टोकं तशीच लोंबत होती.

टेपरेकॉर्डर कपाटावर होता, त्याची वायर गुंडाळून ठेवलेली. कॅसेट घरात नव्हतीच. ती संचिता मोबाईलवर उतरवून घ्यायला पणजीला घेऊन गेली होती.

रेघ हलत होती.

"मास्तरांनू." मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"गप रव. बोलता ती." त्यांचं बोट काचेवरून सरकत होतं. "बाबली इलो, म्हणता. पिशयेत काय हाडल्यान, विचारता."

मी पिशवी पाठीमागे घेतली. का घेतली, माहीत नाही.

"सहा दिस झाले," मास्तर म्हणाले. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. "रोज ह्याच टायमाक, जेवणाच्या. सगळ्यो नव्यो गजाली. काल कुळथाची पिठी लागली म्हणून माका खूप बोल्ली."

मी घाबरलो, पण मला वाटलं ते सांगतो. उघड्या डब्यात कुठून तरी अठराशे व्होल्ट येतायत, कुठून ते मला सापडत नाही, आणि सत्तरीचा माणूस काचेला बोट लावून बसलाय. मी प्लग उपटला.

रेघ गेली नाही. प्लग माझ्या हातात होता. ती दोन्ही बाजूंनी हळूहळू आखडली, तिचं टिंब झालं. टिंब थोडा वेळ थरथरलं. मग काही नाही.

"काय केलंस रे?"

मी पाटीवर लिहिलं, शॉक लागून मरशात.

मास्तरांनी वाचलं. "मगे?" ते म्हणाले.

मी डावा हात खिशात घातला आणि ट्रान्सफॉर्मर बसवला. अठराशे व्होल्ट. तासाभराने, अठराशे. माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुरुस्ती. रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती, आणि सरळच राहिली.

शनिवारी संचिता कॅसेट घेऊन आली. आम्ही लावली. धने, मिरच्या, बांगडे. रेघ नाचली, नववं मिनिट आलं आणि गेलं, काही विझलं नाही. संचिता डोळे पुसत होती. मास्तरांनी अर्धी यादी बघितली आणि उठले.

"ह्या जुना," ते म्हणाले. "ह्या माका पाठ आसा."

ते आत गेले. संचिताने माझ्याकडे बघितलं. "बाबलीकाका, बिघाडला काय परत?"

"नाय गो," मी म्हटलं. "चालू झाला."

रविवारी सकाळी मास्तर दुकानात आले आणि एवढंच म्हणाले, "ता काढ."

मी ट्रान्सफॉर्मर काढला. पट्ट्या गुंडाळल्या, तशाच. झाकण उघडं ठेवलं, तसंच. पिशवीसुद्धा तीच घेऊन गेलो होतो. प्लग लावला. पडदा काळा. सोमवारी काळा, मंगळवारी काळा. मास्तर रोज बाराला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि एकला उठायचे. जेवायचे की नाही कोण जाणे.

शुक्रवारी ते म्हणाले, "गाऱ्हाणा घालूया."

आमच्याकडे विहीर खणायची असो की मुलीचं लग्न, देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. ऑसिलोस्कोपपुढे कोणी घातल्याचं ऐकिवात नाही. मी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या बाबलीच्या हातसून जी काय दुरुस्ती झाली आसात..."

"व्हय म्हाराजा!" मास्तर ओरडले. ते माझ्या ओठांकडे बघून साथ देत होते आणि मला मिशा आहेत.

"...ती पोटात घाल, आणि काकींची वाट..."

"व्हय म्हाराजा!"

"...परत मोकळी कर रे म्हाराजा."

इथे साथ द्यायची होती. मास्तर माझ्या तोंडाकडे आशेने बघत राहिले. मी मान हलवली, तेव्हा हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

नारळ फोडला. पडदा काळाच. आम्ही पाऊण तास बसलो.

"माझे बायलेन देवाचा कधी आयकल्यान नाय," मास्तर शेवटी म्हणाले. कळशी घेऊन ते विहिरीवर गेले.

मी करवंट्या गोळा करत होतो. हातातली करवंटी हिरवी दिसायला लागली.

वर बघितलं.

रेघ हलत होती. भराभर, मोठी मोठी वळणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मास्तर!" मी ओरडलो.

रेघ थांबली.

मी गप्प झालो. ती पुन्हा बोलायला लागली.

"मास्तरांनू! ओ मास्तर!"

थांबली. माझं संपेपर्यंत थांबली. मग पुढे.

मी काचेवर बोट ठेवून बघितलं. एक अक्षर कळेना.

पडवीतून विहीर दिसते. मास्तर पाठमोरे उभे होते, दोर ओढत.

मी धावलो. पायात वायर आली. डबा टेबलावरून खाली आला, तोंडावर पडला. बार उडाल्यासारखा आवाज झाला, पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकायला लागले. पडद्याच्या काचा उंबऱ्यापर्यंत गेल्या.

मास्तर पाणी काढत होते.