घ च्या पुढची अक्षरं

पोंभुर्ण्याच्या पुढे एका खेड्यात शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवायचं काम मिळालं, म्हणून मे महिन्यात मी बल्लारपूरहून गाडीने गेलो. मी सरफराज, पेंटर. शाळेला सुट्टी होती. मुख्याध्यापिका उर्वशीबाईंनी जुन्या खोलीची किल्ली गावातल्या मुखरूभाऊंकडे ठेवली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस. कुलूप उघडून दिलं आणि उन्हातच पायरीवर बसले.

"आत या ना भाऊ, सावली आहे."

"नाई. देवीची साथ आली तवा आजारी पोरं याच खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर ठेवली होती. माही बहीण झिंगू बी. खिडकीतून म्हणत जाय, एकटी हाओ, तू बी ये..." ते थांबले. "झिंगू बाहेर नाई आली. मंग सात वर्सं शाळा भरलीच नाई. आमचं शिक्षण घ वरच राह्यलं."

मी क, ख, ग, घ काढले आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसून डबा खाल्ला. परत आत गेलो तर खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तीच चार अक्षरं माझ्याच ओल्या निळ्या रंगात बोटाने गिरवलेली.

दारात तर आम्ही दोघंच होतो. खिडकीला गज होते.

मन घट्ट करून पुढची ओळ घेतली. च, छ, ज, झ. खोलीत कडुनिंबाच्या पाल्याचा वास दाटत चालला. रंग ढवळायला वाकलो, तेव्हा मागे भिंतीवर बोट घासल्यासारखा आवाज आला. हळूहळू...

वळलो. खाली दोन नवी अक्षरं होती. झ ग. मात्रा न शिकलेलं पोर आपलं नाव लिहील, तसं.

"काय झालं?" मुखरूभाऊंनी बाहेरून विचारलं.

"भाऊ... कुणीतरी झ आणि ग लिहिलंय."

ते उठून उंबरठ्यापाशी आले. आत न बघता म्हणाले, "बाबू, म नोको लिवू."

"काऊन?"

"तिले माहं नाव लिवता येईन."

बाकीची अक्षरं कशीबशी उरकली. म ची जागा कोरी सोडली, कुलूप लावलं आणि किल्ली उर्वशीबाईंच्या घरी देऊन निघालो.

सोमवारी बाईंचा फोन आला. "काम चांगलं झालं. पण एकटा म एवढा खाली, बोटानं काऊन काढला?"

"बाई, मुखरूभाऊ कुठी हायेत?"

"कालपासून घरचे शोधून राह्यले." बाईंचा आवाज बारीक झाला. "कुलूप तं मी आत्ताच उघडलं, सरफराजभाऊ. त्याइच्या चपला आतमधी कशा...?"