भाऊसोचं अंग कुणी बंद केलं?

"मॅडम, माझा भाऊ लाकूड झालाय. लवकर या!"

केरबाचा फोन आला आणि फौजदार नूरजहां तांबोळी शिपाई राणीला घेऊन आटपाडीहून तडक वाडीवर निघाली.

भाऊसो खाटेवर पडला होता. मान ताठ, बोटं वाकडी, जबडा आवळलेला. फिरत होते ते फक्त डोळे, विहिरीत पडलेल्या माणसासारखे.

भाऊसोला कंपवात होता. सांगलीच्या एका दवाखान्यातल्या संशोधनात त्याच्या मेंदूत तारा बसवल्या होत्या आणि त्यांचं यंत्र छातीत, कातडीखाली. अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा चालू लागला होता.

नूरजहांनं तिथल्या डॉक्टर राजवर्धनांना फोन लावला.

"यंत्र बंद झालेलं दिसतंय," ते म्हणाले. "रिमोट छातीवर टेकवून बटण दाबा. उशीर नको, ताप चढून माणूस दगावू शकतो."

रिमोट उशाशी असायचा. तो तिथं नव्हता.

"भावाशी पटत न्हाई म्हणं तुमचं?" तिनं केरबाला विचारलं.

"विहिरीवरनं भांडान हाय. म्हणून काय जीव घीन? सकाळधरनं बाजारात हुतो. न इकल्याली शेरडं टेम्पोत हायत, बघा. आलो, हाक मारली, तर ह्यो असा."

तानुबाई, भाऊसोची बायको, चुलीपाशी उभी होती. एवढ्या उकाड्यात पदर अंगभर लपेटलेला.

"मावशी, तुमी कुठं हुता?"

"मक्यात. भाऊजी वरडलं तवा पळत आले."

"सकाळी काय खाल्लं ह्यांनी?"

"भाकरी नि पिठलं. चांगलं बसून."

तिनं पातेलं बाजूला सारलं. पदर सरकला. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसरा मोकळा, मनगटावर ओरखडे. पातेल्यात कण्यांची गाळलेली पेज होती. गार होऊन वर पापुद्रा धरलेली.

नूरजहां खाटेवर वाकली. "भाऊसो, व्हय असंल तर एकदा डोळं मिटा, न्हाई तर दोनदा. बंद करणाऱ्याला बघितलं?"

एकदा.

"केरबा?"

पुन्हा एकदाच.

"खोटं! दादा, खोटं सांगतुयास!" केरबा ओरडला.

नूरजहां टेम्पोपाशी जाऊन शेरडं नि आजची बाजारपावती बघून आली आणि चुलीपुढं थांबली.

"मावशी, रिमोट द्या."

तानुबाईनं पदर आणखी घट्ट ओढला.

"भाऊजी वरडल्यावर कळलं म्हणता. मग ही पेज कवाची? भाकरी खाणाऱ्याच्या घरात ती गाळली कुणासाठी? जबडा मिटणार हे आधी ठाव असल्यालीनंच. मारायचं असतं तर तुमी पेज केली नसती. बायकोनं पाडलं हे सांगायची ह्यांना लाज वाटली. केरबा अडकला तर विहीरबी मिळत हुती."

तानुबाईनं पिठाच्या डब्यात हात घातला आणि रिमोट काढून दिला.

"अंथरुणात हुतं तवा लेकरागत सांभाळलं ह्यांना. मशीन बसलं, हात सुटलं नि पयल्यागत माझ्यावरच उठलं. माहेरी कोण न्हाई. कुठं जाऊ? निजवून ठिवलं तर तेवढाच श्वास घेता यील वाटलं."

"जीव गेला असता त्यांचा."

"त्ये ठाव नव्हतं, बाई."

"वयनी, कवा बोलली न्हाईस?" केरबा पुटपुटला.

"तुमाला आयकू येत हुतं, भाऊजी. मधली भिंत एकच हाय."



"गुन्हा ह्यांच्यावर लागंल नि तुमच्यावरबी, मावशी," नूरजहां म्हणाली. "पण आदी गाडीत बसा." राणी तिला बाहेर घेऊन गेली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हाच नूरजहांनं रिमोट भाऊसोच्या छातीवर टेकवून बटण दाबलं.

हळूहळू जबडा सैलावला. बोटं उलगडली.

"तानी... कुठं हाय?" भाऊसोनं विचारलं. उजवी मूठ वळत होती.

"मूठ उघडा," नूरजहां खुर्ची ओढत म्हणाली. "मारहाणीच्या जबाबावर सही लागंल."