बागेतला झोपलेला शिष्य

परदेशातल्या माउंट रॉस्किल उपनगरातल्या त्या घरातलं गॅरेज गाडीच्या वाट्याला कधी आलंच नाही. तिथे निशिगंधाचं टेबल, दिवे आणि जुने कागद दुरुस्त करायचं सामान. तिचा नवरा इंद्रनील बिचारा गाडी पावसात लावायचा आणि कुरकुरायचासुद्धा नाही. या हिवाळ्यात तिथे एक खुर्चीही आली. पुण्याहून आलेले तिचे बाबा हीटरशेजारी बसून पेपर वाचत आणि वाचता वाचता घोरायला लागत. आई गेल्यापासून त्यांना एकटं बसवत नसे.

कामाला आली होती एका चर्चची चित्रमाला. ख्रिस्ताचे अखेरचे दिवस, पाचशे वर्षांपूर्वी लाकडी ठशांवरून छापलेले. एका चित्रात ख्रिस्त बागेत प्रार्थना करतोय आणि शिष्य खुशाल झोपलेत.

"हा कोपऱ्यातला मीच की गं," बाबा म्हणाले. "नाक बघ. झोपलाय तोसुद्धा माझ्यासारखाच, तोंड उघडं टाकून."

ती हसली. खरंच तसाच होता तो.

काही दिवसांनी त्या शिष्याच्या कपाळावरची रेघ मध्येच तुटलेली दिसली. बारीकसा पांढरा ठिपका. ठशाच्या लाकडाला कीड लागली की त्यानंतरच्या छापांत असे ठिपके येतात, हे तिला पाठ होतं. पण छापून कधीच वाळलेल्या कागदावर? आपणच आधी नीट पाहिलं नसेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. मग हनुवटी गेली. मग एक गाल. कागद शाबूत, शाईचा मात्र पत्ता नाही.

त्याच सुमारास इंद्रनीलनं जेवायला तीनच ताटं घेतली. "अरे, बाबांचं?" ती म्हणाली. तो ओशाळला, चौथं घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. लेक सलोनी तर सरळ आजोबांच्या अंगावरच बसायला गेली. "सॉरी आजोबा, आय डिडन्ट सी यू."

"माझं काही चुकलं का गं?" बाबांनी नंतर हळूच विचारलं.

एका दुपारी ती गॅरेजमध्ये आली, दिवा लावून कामाला लागली. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"निशी, मी इथेच आहे."

खुर्चीत बाबा होते. आत येताना तिनं ती खुर्ची पाहिली होती. रिकामी.

टेबलावर शिष्याच्या चेहऱ्याच्या जागी आता नुसता पांढरा कागद होता.

तिच्या कामात एक गोष्ट करायचीच नसते. मूळ चित्रात आपल्या हातची रेघ ओढायची नाही. तिनं ब्रश उचलला, काळा जलरंग कालवला.

"बाबा, इकडे बघा."

त्यांना समोर बसवून तिनं एकेक रेघ भरली. नाक, गाल, हनुवटी. डोळ्यांपाशी हात अडला. मूळचा शिष्य झोपलेला. पण डोळे मिटलेले बाबा तिच्याच्यानं काढवेनात. तिनं ते टक्क उघडे काढले.

संध्याकाळी इंद्रनीलनं न सांगता चार ताटं घेतली. सलोनी आजोबांना चिकटून शाळेतल्या गमती सांगत बसली. निशिगंधाला इतकं बरं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन ती रडली.

सकाळी बाबा गॅरेजमधल्या खुर्चीत ताठ बसलेले. डोळे लाल, गालांवरून पाणी.

"झोप नाही झाली?"

"मिटतच नाहीत गं."

ती टेबलाकडे धावली. ओल्या कापसाचा बोळा फिरवला असता, तर तो रंग निघाला असता. निघाला असता, आणि खाली पुन्हा कोरा कागद. कापूस भिजवून ती तशीच उभी राहिली.

"बाबांचा चहा तिकडेच आणू का?" आतून इंद्रनीलनं विचारलं.

तिनं कापूस खाली ठेवला.

"थांबा, जरा अंधार करते," म्हणत तिनं बाबांच्या डोळ्यांवर तळहात ठेवला. ते शहाण्या मुलासारखे बसून राहिले.

हाताला बुबुळांचा गार ओलेपणा लागला. पापण्या कुठेच लागल्या नाहीत.