सालईबोडीची हाजरी

मागच्या वर्षी मार्चमध्ये एक पोस्टकार्ड आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस मी. आलेल्या प्रत्येक पत्राला पोच द्यायची, एवढी एकच शिस्त मला नीट जमली. पण त्या कार्डाला काय उत्तर द्यावं, तेच कळलं नव्हतं.

कार्ड उमरेडच्या पुढच्या सालईबोडी तलावावरून आलं होतं. तिथल्या मच्छीमार संस्थेचे सचिव धोंडबा यांनी निळ्या शाईत लिहिलं होतं :

'वामनराव धकाते यांस नमस्कार. जानेवारीच्या मुक्कामाकरिता तुम्ही दोन नावे पाठवली, ती यादीत चढली. तुम्ही आले नाही. आम्ही रोज सांजेला नावे पुकारतो. तुमच्या दोन्ही नावांना ओ येते. नावे कापायची असल्यास हाताने लिहून पाठवावे. लवकर पाठवावे.'

न गेल्याबद्दल मारलेला टोमणा असावा, असं मी समजलो. मला टोमण्यांना उत्तर देता येत नाही. कार्ड शब्दकोशात ठेवून दिलं.

चूक माझीच होती. सालईबोडीच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मुक्काम करायचा तर नाव द्यावं लागतं. संध्याकाळी मच्छीमारांचे डोंगे काठाला लागले की यादीतलं एकेक नाव पुकारतात आणि ज्याचं त्यानं ओ द्यायची. कुणी पाण्यात राहिलं का, ते कळावं म्हणून. लोक तिथं पोचल्यावर नाव सांगतात. मी दोन महिने आधी, स्वच्छ अक्षरात, पाकिटात घालून पाठवलं. ऐनवेळी जागा मिळाली नाही तर पुष्पाला काय सांगणार, ही भीती.

पुष्पलता, माझी बायको, त्या तलावाच्या काठी वाढलेली. वडील माग चालवायचे, आणि संध्याकाळी हातातला धोटा ठेवून पाळीवर मरळ मासे आणायला जायचे. तिला एकदा तिथं राहायचं होतं, बस. तंबू ठरला. डिसेंबरात ती न्हाणीत पडली, रामदासपेठेतल्या दवाखान्यात खुबा बदलला, आणि तंबू राहिला.

या वर्षी मी ठरवलं, न्यायचंच. पण आता तिला खाली बसता येत नाही, उकिडवं तर नाहीच. त्यामुळे तंबू बाद. माझा भाचा पंकज म्हणाला, "मामाजी, कॅराव्हॅन घ्या न. पलंग, संडास, गॅस, सगळं गाडीतच. मामी राणीसारखी जाईल."

तेव्हापासून दोन महिने माझ्या हातात एक वही आणि कपाळावर आठ्या. गाडी सात फूट रुंद. पाळीवरचा रस्ता किती, कुणालाच माहीत नाही. गाडीला विजेची जोडणी लागते. तलावावर खांब आहे, पण त्यात वीज आहे की नाही यावर दोन मतं. संडासाची टाकी कुठं रिकामी करायची, असं विचारलं की गाडीवाला हसायचा आणि फोन ठेवायचा. माझं बोलणं लोकांपर्यंत अर्धंच पोचतं, ते असं.

"एवढं मोजमाप करून राहिले तुम्ही," पंकज म्हणाला, "त्यापेक्षा तलावच घरी बेस्याले उचलून आणला असता."

शेवटी संस्थेला फोन लावला. जानेवारीत तीन दिवस जागा हवी, म्हणालो. पलीकडून धोंडबाच बोलत होते.

"कोण? धकातेजी? तुमचा मुक्काम त चालूच आहे न."

"नाही, आम्ही आलोच नाही. मागच्या वर्षी..."

"कार्ड टाकलं होतं तुम्हाले," ते म्हणाले. "एकदा येऊन जा तुम्ही."

हे मी पुष्पाला सांगितलं नाही. सांगण्यात अर्थही नव्हता. ऑपरेशनपासून ती हाकेला ओ देईनाशी झाली होती. पूर्वी मी नुसतं "पुष्पा" म्हटलं की स्वयंपाकघरातून यायचं, "आली नं जी! जीव काहून खाता?" सबंध मजल्याला ऐकू जायचं. आता तीनदा हाक मारावी लागे, आणि तिसऱ्या हाकेला ती नुसती दारात येऊन उभी राहायची. कान तपासले. कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, भुलीच्या औषधाचा परिणाम असतो कधीकधी, ओसरेल. ओसरलं नाही. आधी नावाला ओ जाईना, मग फोनवरचं हॅलो गेलं, आणि दिवाळीनंतर बोलणंच दिवसाला चार-पाच वाक्यांवर आलं.

त्यातलं एक वाक्य मला आठवतं. ती ताट पुसत होती. म्हणाली, "ओ द्याले जातो जी, त तोंडात काहीच नसते. कोणं आधीच देऊन टाकल्यासारखं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रस्ता मोजायचा म्हणून, पंकजच्या गाडीतून मी सालईबोडीला गेलो. पुष्पापाशी मुलगी भारती थांबली.

पोचायला साडेचार वाजले. तलाव मोठा नाही. पलीकडच्या अंगाला शिंगाड्याची वेल पसरलेली, मध्ये वाळलेली झाडं पाण्यात उभी, त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. ओल्या जाळ्यांचा वास. पाळीचा रस्ता मी टेपनं मोजला. साडेआठ फूट. गाडी जाणार होती. दोन महिन्यांत मनासारखी झालेली ही पहिली गोष्ट. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

पाळीच्या मधोमध एक सपाट जागा होती. तिथं तीन दगडांची चूल होती आणि चुलीत ताजी राख.

"कोणी राहून गेलं वाटते," पंकज म्हणाला.

धोंडबा मागून आले. सत्तरीचा, काटक माणूस, काखेत शाळेतल्यासारखा हजेरीपट. त्यांनी मला नीट न्याहाळलं. पाणी विचारलं नाही.

"बसा," म्हणाले. "डोंगे येऊन राहिले. स्वतःच ऐका."

सूर्य झाडांना टेकला. डोंगे एकेक करून काठाजवळ आले, पण उतरलं कुणी नाही. हाजरी झाल्याशिवाय उतरत नाहीत. धोंडबांनी पट उघडला आणि नावं पुकारली. पाण्यावरून ओ येत गेली. एक जण उशिरा बोलला तेव्हा शेजारचा ओरडला, "बायकोनं आवाज दिला असता त लवकर बोलला असता बे!" सगळे हसले. चौदा नावं झाली.

मग कुणी हसेना. दोघा-तिघांनी वल्ही आडवी ठेवली आणि ते खाली बघू लागले.

"पुष्पलता वामन धकाते," धोंडबांनी पुकारलं.

शिंगाड्याच्या वेलीकडून, जिथं एकही डोंगा नव्हता तिथून, आवाज आला :

"आली नं जी! जीव काहून खाता?"

पंकज मोठ्यानं हसला. "मामीले कधी आणलं मामाजी तुम्ही?"

मग त्याचं हसणं थांबलं. आम्ही तिला बेस्यात घरी खुर्चीवर बसवून निघालो होतो.

मी भारतीला फोन लावला. "आई काय करते?"

"बसली आहे. बाबा, आत्ताच कोणी हाक मारल्यासारखं तिनं वर पाहिलं. तोंड उघडलं. पण आवाजच नाही आला."

धोंडबांचं बोट पटावर एक ओळ खाली सरकलं.

"वामन गोविंद धकाते."

मी तोंड उघडलं. शाळेत माझं 'हजर' मास्तरांपर्यंत कधी पोचायचं नाही; वर्गात बसून मी गैरहजर लागायचो. इथं तरी पोचावं, म्हणून मी छाती भरून घेतली.

"ओ!"

खणखणीत आवाज. मी दिलेला नव्हता. पण ओळखीचा होता. आयुष्यभर मला जसा हवा होता, तसा.

पंकज माझ्या उघड्या तोंडाकडे पाहत होता. त्याला वाटलं, मीच बोललो.

डोंगे रिकामे झाले. माणसं आमच्याशी न बोलता गावाकडे गेली.

"कोण आहे तिथं?" मी विचारलं.

"नाव तुमचं आहे. मी काय सांगू?" धोंडबा म्हणाले. "रिकामं नाव ठेवत नसते जी पाण्यावर. मी लिहिलं होतं, लवकर पाठवा म्हणून."

"आत्ता लिहून देतो."

"इथं बसून लिहिलेलं नाही चालत. घरून लिहा, पोस्टानं येऊ द्या. नाव आलं तसंच जाते." ते जाळ्याची गाठ सोडवत होते. "आन एक. ज्याचं नाव सोबत यादीत चढलं, त्यानंच दुसऱ्याचं कापायचं. स्वतःचं स्वतःले कापता येत नाही."

"मग माझं कोण कापेल?"

"बाई कापू शकते. पण तुम्ही तिचं आधी कापलं, त ती यादीत राहत नाही."

"आणि तिनं माझं आधी कापलं तर?"

"त तिचं राहते."

परतीच्या वाटेवर मी कॅराव्हॅन रद्द केली. जवळजवळ दोन वर्षं माझीही ओ तिकडे जात होती आणि मला कळलं नव्हतं. कळणार कसं? मला हाक मारणारी एक पुष्पाच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर लिहायला लागली. 'सालईबोडी संस्थेस नमस्कार. वामन गोविंद...'

मी कागद ओढून घेतला. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या हातातून मी काही ओढून घेतलं नव्हतं. ती रडली. तेही आवाज न करता.

मी गॅलरीत जाऊन दोन ओळी लिहिल्या. पुष्पलता वामन धकाते हे नाव यादीतून कापावे. खाली सही. दूध आणतो, असं सांगून निघालो.

पोस्टात रांग होती. स्पीड पोस्टच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. माझं पाकीट तिनं वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता टाइप केला, पावती हातात घेऊन नाव वाचलं.

"वामन धकाते?"

मी तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं.

"हो हो, ऐकलं काका," मान वर न करता ती म्हणाली. "एवढ्या मोठ्यानं काहून?"

तिनं पाकीट मागच्या थैलीत टाकलं. रांगेतली माणसं वळून आवाजाकडे पाहत होती. माझ्याकडे नाही, दाराकडे.