फ्रीज वाढवला

नवा फ्रीज घरात आल्या आल्या चालू करायचा नसतो. टेम्पोत तो हिंदकळून आलेला असतो, कॉम्प्रेसरचं तेल भलत्या नळ्यांत चढलेलं असतं, ते खाली उतरेपर्यंत त्याला गप्प उभं राहू द्यायचं असतं. हे मी माझ्या बायकोला, कल्पिताला, टेम्पो मानपाड्याला वळण्याआधीच फोनवर बजावलं होतं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो आणि घरी तेच काम मी फुकटात करतो, असं कल्पिताचं म्हणणं आहे.

जुना फ्रीज गणपतीत गेला आणि तेव्हापासून आईचं इन्सुलिन शेजारच्या दर्शनाताईंच्या फ्रीजमध्ये, त्यांच्या मच्छीच्या डब्याला टेकून राहत होतं. आईची साखर हट्टी आहे, आईसारखीच. जेवणाआधीचं इंजेक्शन चुकलं की तिला काही सुधरत नाही. मागे दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन चांगलंच झापलं होतं. बाबा गेल्यापासून माझ्या डोक्यावर हात ठेवणारं एवढं एकच माणूस उरलंय आणि ते मला हवंय. त्यामुळे नवा फ्रीज ही माझ्यासाठी चैन नव्हती.

कंपनीचा मेकॅनिक सिद्धेश आला तोच पिशवीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढत. मी तो त्याला परत आत ठेवायला लावला. फ्रीजला स्वतःचा तीन पिनांचा सॉकेट लागतो, त्याला अर्थिंग लागतं, आणि ते मी आधीच तपासून ठेवलं होतं. शेगडीपासून लांब, खिडकीच्या उन्हापासून लांब, मागे भिंतीपर्यंत वीतभर मोकळी जागा. मग मी स्पिरिट लेव्हल काढली आणि पुढचे पाय फिरवून फ्रीज मागच्या बाजूला किंचित कलता केला, म्हणजे दार सोडलं की आपसूक लागतं.

"सर, तुम्ही आमच्याकडेच या कामाला," सिद्धेश म्हणाला. ती तारीफ नव्हती.

आईने दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि उंबऱ्याशी नारळ वाढवला. नारळ फोडला असं तिच्यापुढे म्हणायची सोय नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. आमची बिल्डिंग आमच्याच जागेवर उभी आहे. आधी तिथे भातशेती होती, मग चाळ झाली आणि चाळीच्या तोंडाशी बाबांचं किराणा दुकान. गल्ल्यावर बाबा, वजनकाट्यावर आई. रोज दुपारी जेवायच्या वेळी ती फळ्या लावायची आणि आत ओरडून सांगायची, दुकान वाढवलं. आता तिथे पार्किंग आहे.

तर फ्रीज सुरू झाला, मस्त गार झाला, इन्सुलिन दर्शनाताईंकडून सन्मानाने परत आलं, आणि दुसऱ्याच दुपारी आईने जेवून हात धुतले, सॉकेटचं बटण वर केलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "फ्रीज वाढवला गो!"

मी सुट्टीवर होतो म्हणून कळलं.

"आये, फ्रीज बंद करायचा नसतो. आत तुझंच इन्सुलिन आहे."

"बंद नाय केला. वाढवला."

"एकच ते!"

"एकच कसा? बंद केला तं परत उघडाचा नाय. वाढवला तं उद्याला हाय." तिने चटई पसरली. "दुपारी सगल्यांना लवंडायला लागतं. तो काय लोखंडाचा हाय?"

"लोखंडाचाच आहे!"

मी बटणावर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी ती पट्टी सोलून, नीट घडी करून फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेली होती. मी चिडलो, तिला कॉम्प्रेसर समजावून सांगितला, वारंवार बंद-चालू केल्याने काय होतं तेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी फ्रीज वाढवला. चहाच्या वेळी परत चालू करायची, तेव्हा बटणाला नमस्कारही करायची.

फ्रीजचं वेगळेपण पहिल्यांदा कल्पिताला जाणवलं, आणि तिला ते आवडलं. "काय मावतं रे यात!" ती म्हणायची. इडलीच्या पिठाचा टोप मावला. अख्खं कलिंगड मावलं. मग तिने दर्शनाताईंनाही बोलावून त्यांचा मच्छीचा डबा ठेवायला जागा दिली, म्हणजे त्यांच्या उपकाराची फेड झाली. मी सगळ्यांना सांगत होतो की विचार करून वस्तू घेतली की असं होतं.

इन्सुलिनची जागा मी ठरवली होती. दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. फ्रीजरजवळ नाही, कारण गोठलं तर फुकट. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, हात घातला की डबी. एके दिवशी हात घातला तर डबी नव्हती. जरा मागे होती. मी कल्पिताला बोललो, ती मला बोलली. पुढच्या आठवड्यात डबी काढताना माझा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि गाल श्रीखंडाच्या डब्याला चिकटला.

मी टेप आणला. बाहेरून फ्रीज पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम होता. मागे भिंतीपर्यंत वीतभर जागा तशीच होती, मी वीत घालून बघितली. मग दार उघडून टेप आत सोडला. तो गेला, जात राहिला, संपला आणि मागच्या भिंतीला न लागता तसाच अधांतरी थरथरत राहिला. माझा मोजमापावर विश्वास आहे. म्हणून मी टेप बदलला. कारखान्यातला, तपासून शिक्का मारलेला टेप आणला. तोही पुरला नाही.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"काय प्रॉब्लेम आहे, सर?"

"फ्रीज आतून मोठा होतोय."

"सर, कूलिंग आहे ना?"

"कूलिंग उत्तम आहे."

"थँक यू सर. मग आमच्या सेवेला किती स्टार द्याल?"

मी असा काही आवाज चढवला की सिद्धेशला पाठवून देण्यात आलं. तो हसत आला. हसत हसतच त्याने डोकं आत घातलं, मग टॉर्च घातला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता.

"सर, घरात रॉकेल वापरता का?"

"आजकाल रॉकेल मिळतं कुठे?"

"आतून वास येतोय. रॉकेलचा, आणि गुळाचा." त्याने टॉर्च पँटला पुसला. "गॅस लीक असेल तर असला वास येत नाही. हे वॉरंटीत बसत नाही, सर." तो बूट हातात घेऊनच जिना उतरला, आणि पावतीवर सही घ्यायचीही विसरला.

मी आत डोकं घालून हुंगलं. मला मच्छीचा वास आला. त्याच्यामागे गूळ होता, हे खरं.

"हितेश," कल्पिता म्हणाली, "आई याला रोज काय सांगतात?"

"काय सांगतात?"

"वाढवला म्हणून."

मी मोठ्याने हसलो. "यंत्राला मराठी कळत नाही."

"नवीन मॉडेल आहे," कल्पिता म्हणाली. ती हसत नव्हती.

मी तरीही आईकडे गेलो. फक्त प्रयोग म्हणून, असं मी स्वतःला समजावलं होतं. "आये, आज बटण वर करशील ना, तेव्हा एकदा बंद म्हण. एकदाच."

आई वाल सोलत होती. तिचे हात थांबले.

"एकदा बोलले होते," ती म्हणाली. "तुझ्या बाबाच्या छातीत दुखाला लागला, मी त्याला धरून बसलेले. आणि एक बाई आली, साखर दे, साखर दे. मी वैतागून बोलले, जा, दुकान बंद हाय." तिने एक वाल उगाचच परत सालात घालायला बघितला. "मंग झालाच बंद. मना तो शब्द बोलाला सांगू नको."

मला हे कधीच माहीत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्याशेजारी बसून सगळे वाल सोलून टाकले, आणि फ्रीजचा विषय काढला नाही.

ती चूक झाली. रविवारी जेवणाच्या वेळी कल्पिताने फ्रीज उघडला आणि मला हाक मारली. मधला कप्पा आता पोटमाळ्याएवढा झाला होता. दोन्ही बाजूंना काचेच्या फळ्या लांबच लांब गेल्या होत्या, वर आतला दिवा, त्याच्यापुढे आणखी एक दिवा. डबी पार टोकाला दिसत होती, नखाएवढी. मी कपडे वाळत घालायची काठी आणली आणि ओढायच्या नादात डबी आणखी मागे ढकलली.

"राहू दे," मी म्हणालो. "मी खालच्या मेडिकलमधून नवीन आणतो. कोणी हात लावू नका."

मेडिकलमध्ये गर्दी होती. परत आलो तेव्हा फ्रीजचं दार लागलेलं होतं. दारापुढे स्टूल होतं. स्टुलाशेजारी आईच्या चपला, देवळाबाहेर काढतात तशा जोडीने ठेवलेल्या.

कल्पिता ओट्याला टेकून उभी होती.

"मी येते म्हणाल्या. माझी डबी मीच आणते म्हणाल्या. दार लावून घे, गारवा जातो म्हणाल्या."

"आणि तू लावलंस?"

"तूच रोज ओरडतोस ना, दार उघडं ठेवू नका म्हणून!"

मी दार उघडलं.

आत दिवे होते. रॉकेलचा वास आता लपून राहिला नव्हता. खूप लांबून कागदाची पुडी बांधल्याचा आवाज येत होता, आणि आईचा, मी कित्येक वर्षांत न ऐकलेला, चढा आवाज. "पाव देऊ का अर्धा?"

"आये!"

पुडीचा आवाज थांबला.

"आये, बाहेर ये!"

ती आली. वाकून, फळीला धरून, पदर खोचलेला, हातात डबी. मी तिला उतरवून घेतली. तिचे हात गरम होते आणि बोटं चिकट.

"केवढी गर्दी," ती म्हणाली. "आणि माणूस एकच, एकटा किती बघल?"

कोण एकटा, हे मी विचारलं नाही. मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं आणि सोडत नव्हतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मी लपवलंही नाही.

"आये, म्हण. माझ्यासाठी म्हण."

तिने माझ्याकडे बघितलं. मग फ्रीजकडे बघितलं, बराच वेळ. मग दार लावलं, सॉकेटमधून पिनच उपसून काढली आणि ओट्यावर ठेवली.

"बंद," ती म्हणाली.

काहीच झालं नाही. मी दार उघडलं आणि कलिंगड माझ्या पायावर पडलं. पाठोपाठ इडलीचं पीठ आलं, मच्छीचा डबा आला. हाताच्या अंतरावर मागची पांढरी भिंत होती. मी टेप लावला. पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम! मी पिठात उभा राहून कल्पिताला टेप दाखवला, तिने माझ्या हातावर टाळी दिली. आईला इंजेक्शन दिलं. फरशी पुसली आणि आम्ही जेवायला बसलो. बिरडं होतं, बोंबील होते, भात होता. इतकी भूक मला कधी लागली नसेल.

टक टक टक.

आवाज फ्रीजमधून आला.

"काहीतरी पडलं असेल आत," मी म्हणालो. आत काही नव्हतं, सगळं ओट्यावर होतं. पिनही ओट्यावरच होती.

टक टक टक. नाण्याचा आवाज होता, लाकडावर. गिऱ्हाईक ताटकळलं की गल्ल्यावर वाजवतं तसा.

आईने मान वर केली नाही. ती भात कालवत होती.

"जेवून येते," ती म्हणाली.

आवाज थांबला.

मी कल्पिताकडे बघितलं. कल्पिताने भाताचं पातेलं उचललं आणि आईच्या ताटात भात वाढला. तो संपत आला तसा मी वाढला. मग कल्पिताने बिरडं वाढलं, मी पुन्हा भात. आईच्या साखरेचं कोणी नाव काढलं नाही. आई सावकाश, चवीने जेवत होती, पदर खोचलेला तसाच होता. मी पातेलं खरवडून उरलेला भात डावात घेतला आणि पुढे केला.

आईने ताटावर हात आडवा धरला.