राळेचा धूर

पापडी गावात आलोशियसच्या हाताखालून गेलेला रेडिओ पुन्हा खरखरत नसे. त्याच्या घरचाच स्पूलचा टेपरेकॉर्डर मात्र वीसेक वर्षं मुका पडून होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यातल्या रिळावर त्याच्या बायकोचा, रोझमेरीचा आवाज होता. तिच्या भावाच्या लग्नात ती गायली होती. पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली, आणि तो आवाज पुन्हा ऐकायचं आलोशियसला धाडस झालं नाही.

पण आता त्या बाळंतपणातल्या लेकीचं, सेलिनचं, रविवारी लग्न होतं.

"आईचा आवाज ऐकल्याशिवाय मी सासरी जायची नाही," तिनं सांगून टाकलं, तेव्हा त्यानं दुपारी यंत्र खोललं.

आत सगळा हिरवा गंज. हा त्याच्या भावाचा, अँथनीचा पराक्रम. वाडीतल्या गळक्या झाऱ्यांना नवसागर लावून कथलाचा डाग देतात, तसाच त्यानं हौसेनं टेपरेकॉर्डरच्या तारांनाही दिला होता. हात फिरे तिथं लक्ष्मी शिरे. अँथनीचा फिरला की गंज शिरायचा.

"नवसागर पत्र्याला. तारेला नुसती राळ," आलोशियस म्हणाला. "आणि तिचा धूर छातीत घ्यायचा नाही. माझ्या दम्याला तर नाहीच."

"मग खिडकी उघडते."

"थोडं थांब. वाऱ्यानं जोड कच्चा राहतो. हे नाजूक दोन-तीन झाले की उघड."

त्यानं गंज स्पिरिटनं पुसला, राळ लावली, तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं. देवळातल्या धुपासारखा गोडसर धूर सरळ वर आला. त्याच्या तोंडापाशी वळला आणि सेलिनकडे गेला.

"फुंकू नकोस गं."

"मी कुठं फुंकते, पप्पा?"

तिनं तर ओढणी नाकाला लावली होती. पंखाही बंद होता.

दुसऱ्या जोडाला धूर पुन्हा वळला. आलोशियसच्या गालाला ऊब लागली. बाळाचं दूध निववताना घालतात, तितकी हलकी फुंकर. त्याला खोकला आला नाही. डोळे मात्र भरून आले.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. काम पुरं केलं.

रिळं फिरली. लग्नघरातल्या बायकांचा गलबला, आणि त्यावर रोझमेरीचा मोकळा आवाज.

"अशी होती?" सेलिननं विचारलं.

"अशीच."

गाणं संपलं. गलबला एकदम थांबला. मग अगदी जवळून तोच आवाज बोलला,

"सेलिन, मागं सर बाळा. डोळ्यांत जाईल धूर."

 सेलिन हे नाव आत्यानं बाप्तिस्म्याला ठेवलं होतं, रोझमेरीला माती दिल्यानंतर.

सेलिननं स्टूल मागं ओढलं.

"बरं, आई," ती म्हणाली.

टेपवरची बाई तेवढं ऐकेपर्यंत थांबली, आणि मगच तिनं पुढचं गाणं धरलं.